कॅमेरा-फीडबॅक, पखवाज आणि २३० मिलिसेकंद: लूपचा उशीर मोजणं आणि लयीत बसवणं

घुमटध्वनी (धागाकर्ता)

ऐंशी खुर्च्यांचं बंद सभागृह, पाऊण तासाचं सादरीकरण. पखवाज, सोबत इलेक्ट्रॉनिक षड्जाचा भराव (सतत चालू राहणारा सा) आणि मागे ३ मीटर रुंदीचा पडदा. चित्र आधीपासून तयार केलेलं नाही. कॅमेरा पडद्याकडे बघतो, त्याला दिसतं ते पुन्हा पडद्यावर जातं आणि त्या चक्रात (लूपमध्ये) जे उगवेल तेच चित्र.

जोडणी अशी: चार मोडचा सीसीटीव्ही कॅमेरा (२.८ ते १२ मिमी लेन्स, सीव्हीबीएस म्हणजे जुन्या कंपोझिट व्हिडिओच्या मोडवर) → एव्ही-टू-एचडीएमआय डबी → यूएसबी कॅप्चर स्टिक → लॅपटॉपवर टचडिझायनर (थेट चित्र घडवणारं सॉफ्टवेअर) → एचडीएमआय → प्रोजेक्टर → पडदा → परत कॅमेरा.

अडचणी तीन आहेत. एक, चित्र एकतर पांढरं फटक होतं, नाहीतर दोन सेकंदांत विझतं. मधली जागा सापडतच नाही. दोन, पखवाजाच्या थापेबरोबर सोडलेला ठिपका परत येतो तो लयीला धरून नाही. तीन, एक आडवा करडा पट्टा सावकाश वर चढत राहतो, साधारण पंधरा सेकंदांत एक फेरी. नेटकी उत्तरं हवी आहेत. उपकरणं बदलायला लागली तरी चालेल.

तिरकी_रेघ

आधी दुसरी अडचण घेतो, कारण बाकीच्या गोष्टीही तिच्यावर अवलंबून आहेत. फीडबॅकमध्ये वाद्य वाजतं ते उशिराचं. रंग, आकार, इफेक्ट हे सगळं त्यावरचे अलंकार. तुमचा लूप नेमका किती मिलिसेकंदांचा आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजायची रीत सोपी आहे. लूपची उजळी कमी करून पडदा काळा करा. मोबाईल स्लो-मोशनच्या २४० फ्रेमवर लावून स्टँडवर ठेवा, त्याच्या चौकटीत कॅमेऱ्याची लेन्स आणि पडदा दोन्ही यायला हवेत. लेन्ससमोर टॉर्च एकदाच चमकवा. मग व्हिडिओ फ्रेमफ्रेमने पुढे सरकवत टॉर्च पेटल्यापासून पडद्यावर उजेड दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. पाच वेळा मोजा आणि सरासरीबरोबर सर्वांत कमी-जास्त आकडाही लिहून ठेवा. फरक २० मिलिसेकंदांच्या वर गेला तर साखळीत कुठेतरी फ्रेम गळतायत किंवा दुहेरी होतायत.

तुमच्या साखळीत उशीर कुठे साचत असेल याचा माझा अंदाज असा: कॅमेरा ४० मिलिसेकंद, एचडीएमआय डबी ४० ते ६०, कॅप्चर स्टिक ५० ते १००, सॉफ्टवेअर १७ ते ३५, प्रोजेक्टर ३० ते ५०. प्रोजेक्टरचं कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ चौकोनी करणारी सोय) चालू असेल तर आणखी. कीस्टोन बंद करा आणि प्रोजेक्टर सरळ समोर बसवा. गेम मोड असेल तर तोच लावा.

डबी मात्र काढूनच टाका. ती ५० हर्ट्झचं आंतरगुंफित (एकाआड एक ओळींनी येणारं) चित्र आधी उलगडते, मग ६० हर्ट्झवर ढकलते. त्यात उशीर वाढतो तो वाढतोच, शिवाय पाचाच्या सहा करताना एक फ्रेम दोनदा दिसते आणि सरकणारं चित्र अडखळतं. पिवळी आरसीए पिन थेट घेणारी यूएसबी कॅप्चर स्टिक मिळते. कॅमेऱ्याचं बीएनसी टोक तिला साध्या अडॅप्टरने जोडता येतं.

मोकळी_फ्रेम

पहिल्या अडचणीबद्दल. पांढरं फटक आणि विझणं यांच्यामधली जागा अरुंद असते हे खरं, पण ती सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा स्वयंचलितपणा. चित्र उजळलं की कॅमेरा एक्स्पोजर पाडतो, अंधारलं की वाढवतो आणि तुम्ही हाताने आणलेलं संतुलन तो दर दोन सेकंदांनी मोडतो. सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या वायरवर बारीक जॉयस्टिक असते, तिने मेनू उघडा (हीच जॉयस्टिक बाजूला पाच सेकंद धरली की मोड बदलतो, तेव्हा जपून). मेनूत एजीसी (सिग्नल आपोआप वाढवणं) बंद, बीएलसी (मागच्या उजेडाची भरपाई) बंद, व्हाइट बॅलन्स हाती, शटर १/५०, डीएनआर (कण पुसणं) बंद. डीएनआर विसरलात तर शेपट्या (हलत्या उजेडामागे उरणारा माग) चिखलासारख्या फरफटतात आणि त्याचा दोष तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसाल. शार्पनेस शून्यावर आणा. धार वाढवणारी प्रत्येक फेरी कडेभोवती एक पांढरी रेघ जोडते आणि दहाव्या फेरीला तिथे नुसत्या रेघाच उरतात. हँडीकॅम वापरणाऱ्यांनी स्टॅबिलायझर आठवणीने बंद करावा.

आता उजळी बसवा. सॉफ्टवेअरमधून पडद्यावर ५० टक्के करडा चौकोन टाका, लूप जोडू नका. कॅमेऱ्यातून तो किती टक्के दिसतो ते वाचा. एक्स्पोजर कमी-जास्त करत तो ४५ ते ४८ वर आणा, म्हणजे एका फेरीची बढत (एका फेरीनंतर उजेडाचा किती भाग उरतो ते) ०.९० ते ०.९६ झाली. मग २० आणि ८० टक्क्यांचे चौकोन टाकून बघा. २० चे १० आणि ८० चे ८५ येत असतील तर गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची चढण) तिरका आहे: अंधार दर फेरीला जास्त बुडेल, उजेड दर फेरीला फुगेल आणि मधले करडे रंग नाहीसे होतील. कोरीव, कडक कडांच्या पेशी हव्या असतील तर हा तिरकेपणा मुद्दाम ठेवा. धुरासारखं मऊ चित्र हवं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये उलटा गॅमा देऊन तिन्ही बिंदू सरळ रेषेत आणा.

एवढं जमलं की सभागृहातले दिवे घालवून लूप जोडा आणि काही करू नका. पाचसहा सेकंद पडदा काळाच राहतो. मग कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कणकणीतून (नॉइजमधून) एखादा राखाडी डाग धरतो, त्याच्या कडेला दुसरा, आणि दोघं एकमेकांकडे वाकत एक वळी होते. लेन्सच्या कडेला करंगळीचं टोक आणलंत तर ती वळी बोटापासून सुटून मध्याकडे सरकताना दिसेल, दर फेरीला जराशी लहान होत. हे दिसलं की बढत बरोबर बसली असं समजा.

घुमटध्वनी

दोन्ही प्रतिसादांसाठी मनापासून धन्यवाद. मोजलं: पाच वेळांत ५४ ते ५६ फ्रेम, म्हणजे सुमारे २३० मिलिसेकंद. स्वयंचलित सगळं बंद केल्यावर चित्र धरतंय, पण सॉफ्टवेअरमध्ये शेपट्यांसाठी आतला वेगळा फीडबॅक ०.९ वर लावला की परत पांढरं होतं. आणि लयीचं गणित कसं मांडायचं? बारा मात्रांचा चौताल आहे, लय मिनिटाला ७५ मात्रा.

तिरकी_रेघ

७५ ची लय म्हणजे एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची. लूप एक मात्रेचा करायचा तर २३० आधीच आहेत, उरलेले ५७० सॉफ्टवेअरमध्ये साठवायचे. ६० फ्रेमवर ते ३४ फ्रेम होतात (५६६.७). एकूण ७९६.७, म्हणजे मात्रेमागे ३.३ मिलिसेकंदांची चूक. बारा मात्रांनंतर ४० मिलिसेकंद. तोवर प्रतिध्वनी फिका होत आलेला असतो, त्यामुळे डोळ्याला फारसं काही जाणवत नाही.

पण एक मात्रेचा लूप करू नका असं माझं मत. प्रत्येक बोल पुढच्या बोलावर बरोबर बसतो, सगळं एकाच जागी थापलं जातं आणि चौतालाचे विभाग चित्रात उमटतच नाहीत. दीड मात्रा करून बघा: १२०० मिलिसेकंद. पहिला प्रतिध्वनी दोन मात्रांच्या मध्ये पडतो, दुसरा तिसऱ्या मात्रेनंतर नेमका मात्रेवर येतो. दर तीन मात्रांनी भेट, आवर्तनात चार वेळा, आणि चौथी भेट समेवर. ही जुळणी प्रेक्षक मोजत नाही, पण सम आली की चित्र आणि थाप एकाच ठिकाणी येतात हे त्याला कळतं.

१२०० वजा २३०, राहिले ९७०. म्हणजे ५८ फ्रेम. टचडिझायनरमध्ये कॅश टॉप (मागच्या फ्रेम साठवून ठेवणारा घटक) घ्या आणि निर्देशांक उणे ५८ ठेवा. १२८० बाय ७२० चं चित्र १६ बिटमध्ये ठेवलं तर एक फ्रेम ७.३७ एमबीची, ५८ फ्रेमना सुमारे ४२८ एमबी ग्राफिक्स कार्डची स्मृती लागते. साध्या लॅपटॉपला जमण्यासारखं आहे. टचडिझायनरची बिनव्यावसायिक मोफत आवृत्ती १२८० बाय १२८० पर्यंतच चित्र देते, तेव्हा ७२० त्यात बसतं.

पखवाजवादक लय वाढवणारच. ७५ ची ८० झाली की मात्रा ७५० ची, दीड मात्रा ११२५ ची, म्हणजे साठवण ५८ वरून ५४ फ्रेमवर. आकडा थेट बदललात तर चित्र उडी मारतं. दोन वाचक ठेवा, एक ५८ वर, एक ५४ वर, आणि आठ फ्रेममध्ये एकातून दुसऱ्यात विरघळवा. लय टिपायला पायाखाली एक मिडी पेडल पुरे. चार वेळा दाबायचं, सरासरी घ्यायची. आवाजावरून लय आपोआप ओळखणाऱ्या साधनांवर पखवाजासाठी विसंबू नका, परणीत (पखवाजाच्या लांब, बांधलेल्या बोलरचनेत) ती दुप्पट-निमपट घसरतात.

मोकळी_फ्रेम

पांढरं का होतं ते. दोन लूप एकमेकांत अडकले की बढती नुसत्या शेजारी बसत नाहीत. आतला लूप दर फ्रेमला ०.९ ठेवतो, म्हणजे बाहेरून स्थिरपणे येणारा उजेड तो दहापट साठवतो (१ भागिले ०.१). बाहेरून कॅमेऱ्याचा ०.३ जरी मिसळलात तरी मंद बदलांसाठी तो ३ झाला, मग पांढरं होणारच. नियम एवढाच: बेरीज करत असाल तर आतली आणि बाहेरची बढत मिळून १ च्या खाली. आत ०.९ तर बाहेर जास्तीत जास्त ०.०८.

याहून सोपी वाट: बेरीज करूच नका. मिसळणीला 'जास्त उजळ तो ठेवा' हा प्रकार लावा. तिथे प्रत्येक ठिकाणी दोघांतला मोठा आकडा राहतो, साठा होत नाही, आणि आतला ०.९ व कॅमेऱ्याचा ०.९५ दोन्ही एकत्र नांदतात.

आणखी एक खोट, तुम्ही अजून लिहिली नाहीत पण येईलच. आतला लूप ८ बिटमध्ये असेल तर शेपट्या पूर्ण विझत नाहीत, मळकट छाप उरते. गणित बघा: २५५ पैकी २४ हा आकडा ०.९८ ने गुणला की २३.५२, पूर्णांक केला की पुन्हा २४. तो तिथेच अडकला. ०.९८ ला २४ पर्यंतचे सगळे करडे अडकतात, ०.९५ ला ९ पर्यंतचे. उपाय म्हणजे लूपमधल्या प्रत्येक टप्प्याला १६ बिट फ्लोट द्या. एक टप्पा जरी ८ बिट राहिला तरी छाप परत येते.

फ्रेमदराचंही ध्यान ठेवा. ०.९८ ची शेपटी २५ फ्रेमवर निम्मी व्हायला सुमारे १.४ सेकंद घेते, ६० फ्रेमवर ०.५७ सेकंद. सादरीकरणात लॅपटॉप तापून ६० वरून ४० वर आला की शेपट्या अचानक लांबतात आणि कॅशमधला उशीरही दीडपट होतो. म्हणून आधीच ६० स्थिर राहील इतकंच काम त्याच्यावर टाका आणि चार्जर लावूनच चालवा.

खालचा_सा

ध्वनीच्या बाजूने लिहितो.

पखवाजाच्या बायेला (डाव्या तोंडाला) कणीक लावलेली असते, तिचा खर्ज आणि दायेची (उजव्या तोंडाची) टणक थाप ही दोन वेगळी माणसं आहेत असं समजून वेगवेगळी घ्या. मिक्सरवरून थेट चॅनेलचा आउट घ्या, हॉलसाठी मिसळलेला आवाज नको; त्यात षड्जाचा भराव आला की पातळी कायम वरच राहते आणि थाप ओळखता येत नाही. १५० हर्ट्झच्या खालचा भाग एका वाटेने, २००० च्या वरचा दुसऱ्या वाटेने. पातळीला चढायला १० मिलिसेकंद, उतरायला २०० ठेवा. खोडाला पिएझो (लाकडाचा कंप टिपणारी चकती) चिकटवणार असाल तर त्याला १ मेगाओहमचा इनपुट लागतो. साध्या लाइन इनपुटला जोडलात तर खर्ज नाहीसा होतो आणि नुसती टकटक येते.

बोल दिसायला किती उशीर होतो तेही मोजा. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ नमुन्यांचा बफर १०.७ मिलिसेकंद घेतो. त्यात सॉफ्टवेअरच्या एकदोन फ्रेम आणि प्रोजेक्टर मिळवले की ७०-८० होतात. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लक्षात यायला लागतं, तेव्हा पहिल्या रांगेला हे खटकेल. मागच्या रांगेला आवाज १० मीटर चालून २९ मिलिसेकंदांनी पोचतो, तिथे जुळलेलं वाटतं. तालमीत तपासताना मागे उभे राहून 'बरोबर आहे' म्हणू नका.

माझा आग्रह असा की प्रत्येक थापेला चमक देऊ नका. 'किट' आणि 'तिट' चित्रात आणायची गरज नाही. खर्जाच्या थापेला एक लहान पांढरा ठिपका लूपमध्ये सोडा, दोन फ्रेम पुरे. बाकी काम उशीर करतो. षड्जाच्या भरावाची पातळी बदलतच नाही, तिच्यावर उजळी टांगण्यात अर्थ नाही. तो भराव चित्रात आणायचा असेल तर त्यातल्या स्वरांच्या मंद डोलण्याला लेन्सच्या झूमशी नातं द्या, टक्का-अर्धा टक्का.

सीआरटी टीव्ही वापरणाऱ्यांसाठी: पाल टीव्हीची (पाल म्हणजे आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) आडवी ओळ सेकंदाला १५,६२५ वेळा धावते आणि तिची शिट्टी मायक्रोफोनमध्ये शिरते. कमी वयाच्या प्रेक्षकांना ती ऐकू येते, मिक्सरवर बसलेल्या चाळिशीतल्या माणसाला येईलच असं नाही. वर्णपटावर बघून त्याच ठिकाणी अरुंद खाच द्या.

पन्नासहर्ट्झ

तिसरी अडचण, करडा पट्टा. तो पंधरा सेकंदांत एक फेरी मारतो हेच त्याचं निदान. पाल चित्र सेकंदाला ५० वेळा येतं, आपली वीजही ५० हर्ट्झची, पण नेमकी नाही, ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात हलती असते. दोघांतला हर्ट्झच्या काही शंभराव्या भागांचा तो फरक म्हणजे पट्ट्याचं चढणं. हा वीजेचा हम आहे, अर्थिंगच्या वळशातून आलेला. हाच पट्टा सेकंदाला दहा वेळा धावला असता तर कारण वेगळं असतं: कुठेतरी ६० हर्ट्झचा मोड लागलाय. एका मापाने दोन रोग वेगळे होतात.

खात्री करायला लॅपटॉपचा चार्जर काढा. पट्टा गेला तर वळसा चार्जरच्या अर्थमधून ध्वनी मिक्सरपर्यंत किंवा प्रोजेक्टरपर्यंत जातो आहे. उपाय या क्रमाने: कॅमेरा, लॅपटॉप, प्रोजेक्टर, ध्वनी मिक्सर एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या (पडद्यासाठी मंचामागचा पॉइंट आणि ध्वनीसाठी मागच्या भिंतीचा, असं सभागृहात सर्रास असतं, आणि तिथूनच हे सुरू होतं). तरी राहिला तर लॅपटॉप आणि ध्वनी मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन उपकरणांमधली थेट वीजजोड तोडणारी पेटी). तरी राहिला तर कॅमेऱ्याच्या बीएनसी वायरवर व्हिडिओ ग्राउंड-लूप आयसोलेटर. अर्थची पिन काढणं हा उपाय नाही. कलाकाराच्या हातात तारेला जोडलेला माइक असतो, कृपा करून कोणी तसं करू नका.

कॅमेऱ्याला त्याचा स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या, दिव्यांबरोबर वाटून घेऊ नका.

चित्र फिकट किंवा दुहेरी कडांचं वाटलं तर टर्मिनेशन (वायरच्या शेवटी सिग्नल संपवणारा रोध) बघा. कंपोझिट सिग्नल १ व्होल्टचा, ७५ ओहमवर संपायला हवा. टी-जोड लावून एकच वायर दोन ठिकाणी नेली की दोन्हीकडे ७५ ओहम लागतात आणि चित्र काळवंडतं. मग लोक कॅमेऱ्याचा एक्स्पोजर वाढवतात आणि लूपची बढत बिघडवतात. वाटणी करायची तर डिस्ट्रिब्युशन अॅम्प्लिफायर.

सीआरटीवर थेट कॅमेरा जोडून केलेल्या लूपला पट्टे का पडत नाहीत हे नवीन मंडळींनी समजून घेण्यासारखं आहे. तिथे टीव्ही कॅमेऱ्याच्याच सिंकवर चालतो, दोघं एकाच पावलाने चालतात. मध्ये संगणक आला की पाऊल तुटतं. आणि जुना टीव्ही उघडायचा मोह नको. बंद केल्यावरही नळीवर हजारो व्होल्ट शिल्लक असतात.

मोकळी_फ्रेम

कोनाबद्दल थोडं, कारण ते फुकटात मिळतं. कॅमेरा त्याच्या अक्षाभोवती ७२ अंश फिरवला की चित्र पाच पाकळ्यांचं होतं, ६० ला सहा, ९० ला चार. दोन अंश जास्त दिले, ७४, की पाच फेऱ्यांत १० अंशांचा सरक येतो. २३० मिलिसेकंदांच्या लूपला पाच फेऱ्या म्हणजे १.१५ सेकंद, पूर्ण गिरकीला ४१ सेकंद. १२०० च्या लूपला तीच गिरकी ३ मिनिटं ३६ सेकंदांची, म्हणजे चौतालाची साडेबावीस आवर्तनं. लांब लूपमध्ये कोनाचा प्रत्येक अंश मोजूनमापून द्यावा तो यासाठी. आकाराचंही तसंच: पडदा चौकटीच्या ९० टक्के भरत असेल तर दहाव्या फेरीत प्रत ३५ टक्क्यांवर येते.

कॅमेऱ्याच्या स्टँडवर वाळूची पिशवी टांगा. सबवूफरच्या जवळ असेल तर खर्जाबरोबर कोन थरथरतो आणि पाकळ्या फाटतात.

भाड्याची एलईडी भिंत वापरणार असाल तर लेन्स किंचित फोकसबाहेर ठेवा, नाहीतर दिव्यांच्या जाळीची लहर उठते आणि दोन फेऱ्यांत चित्र गिळते.

कंदीलवाला

अवांतर, पण याच धाग्यात शोभेल म्हणून. अंधाऱ्या खोलीत हलतं चित्र आणि समोर जिवंत आवाज ही आपल्याकडची जुनी रीत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले: हाताने रंगवलेल्या काचा, सोबत निवेदन आणि संगीत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट गाणारे) तर कंदिलाशिवायच चित्र आणि गाणं एकत्र चालवत आले आहेत. पुढे मुंबईत १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप ही कलाकारांची कार्यशाळा उभी केली, तिथे चित्रकार नलिनी मलानी यांनी कॅमेऱ्याशी काम सुरू केलं. नंतरच्या त्यांच्या छायानाट्यांत रंगवलेले पारदर्शक नळकांडे फिरतात आणि त्यांच्यातून प्रोजेक्टरचा उजेड जातो. कॅमेरा-फीडबॅकची यंत्रं त्याच सुमारास परदेशात घडत होती: नाम जून पाइक आणि शुया आबे यांचा व्हिडिओ सिंथसायझर, शिकागोत डॅन सँडिन यांचा इमेज प्रोसेसर. सँडिन यांनी आपल्या यंत्राचे आराखडे कुणालाही नकलून घ्यायला मोकळे ठेवले. या धाग्यावर आकडे उघडे मांडले जातायत ते त्याच रीतीला धरून आहे, म्हणून आनंद वाटला.

मलानींच्या नळकांड्यांची गोष्ट इथे व्यवहारातही कामाची आहे. प्रोजेक्टर आणि पडद्याच्या मध्ये जिलेटिनचा रंगीत कागद हळू फिरवला तर रंग लूपच्या आत शिरतो आणि दर फेरीला गडद होत जातो. सॉफ्टवेअरमधल्या रंगचक्रापेक्षा याला पोत असतो. बढत मात्र कागदागणिक पडते, करडा चौकोन पुन्हा मोजायला लागतो.

घुमटध्वनी

सगळं करून पाहिलं. डबी काढली, कंपोझिट थेट घेतलं, कीस्टोन बंद: ३४ फ्रेम, म्हणजे १४२ मिलिसेकंद. पट्टा एकाच बोर्डावर आणल्यावर गेला. १६ बिट केल्यावर मळकट छापही गेली. १२०० साठी आता १०५८ साठवायचे, ६३ फ्रेम लावल्यात. उत्तरांगात परणीच्या वेळी साठवण काढून छोटा लूप ठेवायचा आणि चित्र निगेटिव्ह करून धडकतं करायचं असा विचार आहे.

पन्नासहर्ट्झ

थांबा, इथे धोका आहे. निगेटिव्ह लूपमध्ये एका फेरीत पांढऱ्याचं काळं होतं, दुसऱ्या फेरीत परत पांढरं. म्हणजे एक लखलखाट दोन फेऱ्यांत. १४२ च्या दुपटीला २८४ मिलिसेकंद. सेकंदाला साडेतीन लखलखाट. पडद्याच्या पाव भागाहून मोठं क्षेत्र सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखलं तर प्रकाशाने झटके येणाऱ्या प्रेक्षकाला ते धोक्याचं. तुमचा २३० चा जुना लूप २.२ वर होता, सुरक्षित होता. उशीर कमी करून तुम्ही रेषा ओलांडलीत.

हिशेब: निगेटिव्ह असताना एकूण लूप १६७ मिलिसेकंदांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. दोन फ्रेम साठवण ठेवा, १७५ होतात, २.८६ लखलखाट. मी तर चार ठेवा म्हणेन, कारण मोजण्यात पाचदहाची चूक असतेच. आतल्या लूपला निगेटिव्ह कधीही लावू नका. तो दर फ्रेमला उलटतो, ६० फ्रेमवर ३० लखलखाट. सीआरटीचा थेट लूप निगेटिव्ह केला तर साधारण १२ ते २५ च्या घरात जातो, तो सर्वांत वाईट पट्टा. गडद लाल रंग त्या काही मिनिटांत टाळा. दारावर पाटी लावा आणि सुरू होण्यापूर्वी तोंडानेही सांगा.

घुमटध्वनी

चार फ्रेम ठेवतो, पाटीही लावतो. हे वेळेवर सांगितलंत म्हणून आभार. शेवटचं एक: संपवायचं कसं? काळं करण्याचं बटण दाबलं की लूपच मरतो, आणि चुकून आधी दाबलं गेलं तर परत आणता येत नाही.

तिरकी_रेघ

लूप पडद्यातून जातो, म्हणून पडदा काळा झाला की लूप मेला. हे टाळता येत नाही, त्यामुळे एक बी तयार ठेवा: एका कळीवर मध्यभागी चार टक्के रुंदीचा पांढरा गोल, दोन फ्रेमचा. चुकून विझलं तर पुढच्या समेवर ती कळ दाबायची.

शेवटासाठी काळं बटण वापरू नका. तिहाईच्या (तीनदा म्हणून समेवर येणाऱ्या शेवटच्या बोलाच्या) आधी परत १२०० च्या लूपवर या आणि निगेटिव्ह काढा. शेवटच्या 'धा'ला ठिपका सोडा आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या वाटेची बढत ०.८५ वर आणा. ७५ च्या लयीत एक आवर्तन ९.६ सेकंदांचं, म्हणजे आठ फेऱ्या. एका आवर्तनानंतर ठिपक्याचा उजेड २७ टक्के उरतो, दोनानंतर ७. पखवाज थांबलेला असतो आणि पडद्यावर दीड मात्रेने तो ठिपका परत येत राहतो, दर वेळी लहान आणि फिका. सभागृहाचे दिवे दुसरं आवर्तन पूर्ण झाल्यावरच लावायचे, हे दिवे सांभाळणाऱ्याला कागदावर लिहून द्या.